एकटीचा फोटो

१

गुरुवार म्हटला की लवूअण्णा शिवलकरांना दुसरं काम सांगायची सोय नसायची. मिरजोळ्याहून साडेनवाची एसटी, खांद्याला पिशवी, पिशवीत मलमलचे दोन धुतलेले फडके आणि एक मऊ ब्रश. सूनबाई म्हणायची, "बाबा, घरातला पंखा कधी पुसला नाहीत, आणि तिकडे लोकांच्या फोटोंची धूळ फुकट झटकायला जाता." त्यावर अण्णा म्हणायचे, "पंख्याला बुरशी धरत नाही," आणि चपला घालायचे. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत काढलेला माणूस तो. समुद्राकाठच्या दमट हवेत फोटोचं काय होतं ते त्यांना कुणी शिकवायला नको. पावसाळ्यानंतर दोन महिने दुर्लक्ष केलं की काचेच्या आत पांढरी जाळी धरते, आणि एकदा धरली की तसबीर गेलीच समजा.

परटवण्याच्या उतारावर चिऱ्याचं एक बैठं घर आहे. जुने लोक त्याला अजून हेडाबायचा दवाखानाच म्हणतात. पाटी मात्र तीन वर्षांपासून 'स्मरणघर' अशी आहे. हेडाबाय म्हणजे डॉक्टर हेडविग ब्लाउ, व्हिएन्नाच्या यहुदी. हिटलरच्या माणसांनी तिथल्या यहुद्यांचं जगणं मुश्कील केलं तेव्हा एकोणीस वर्षांची ही पोर एकटीच बोटीत बसून मुंबईला उतरली, तिथे डॉक्टर झाली, आणि रत्नागिरीला आली ती इथलीच होऊन राहिली. निम्म्या गावाची बाळंतपणं तिने केली. ती गेल्यावर वीसेक वर्षांनी पेशंटांनीच ट्रस्ट काढला आणि घराचं संग्रहालय केलं. पहिल्या खोलीत नकाशे आणि बोटीची तिकिटं. दुसरीत छळछावण्यांचे फोटो आणि मोठमोठे माहितीफलक. तिसरीत तिथून वाचून हिंदुस्थानात आलेल्यांचे चेहरे, त्यांची पत्रं, आणि बटण दाबलं की ऐकू येणारे त्यांचे आवाज. चौथी खोली हेडाबायची स्वतःची. लोखंडी खाट, औषधांचं कपाट, आणि खाटेसमोर भिंतीवर तिच्या आईचा मोठा फोटो.

अण्णा दुसऱ्या खोलीतून खाली मान घालून जायचे. फ्रेमा पुसायच्या, फलक वाचायचे नाहीत, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आपल्याला काय करायचंय परदेशातल्या दुःखाचं, असं ते वरवर म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईलच.

नवरात्र नुकतंच बसलं होतं. त्या गुरुवारी अण्णांनी चौथ्या खोलीतली फ्रेम खिळ्यावरून उतरवून खाटेवर ठेवली, काच पुसली, आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला. बाईच्या डाव्या खांद्यावर, बाहीला चुण्या होत्या तिथे, एक नख होतं. नखाच्या मागे बोटाचं अर्धं पेर.

"काय वो लवूअण्णा, च्या निवतोय," दारातून फरीदा म्हणाली. फरीदा राजिवड्याची. तिलाही हेडाबायनेच जगात आणलेलं, पुढे ती बाईंकडेच कामाला राहिली, आणि आता घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असतात.

"आलो, आलो," अण्णा म्हणाले आणि फ्रेम परत टांगली.

जुन्या कामात होतं असं. वरचा रंग उडतो, खाली दडवलेलं उघडं पडतं. हा खांदा अण्णांनी स्वतःच रंगवलेला, एका हाताची बोटं झाकायला बाहीच्या चुण्या त्यांनीच काढलेल्या. तेव्हा यात नवल ते काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि दुपारची एसटी धरली. मारुती मंदिराच्या स्टॉपवर गाडी थांबली तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात लख्खकन आलं. रंग होता तो चिकटवलेल्या लहान तुकड्यावर. भिंतीवरचा मोठा फोटो त्या तुकड्याचा फोटो होता, एकसंध गुळगुळीत कागद. त्यावर रंग नव्हताच. मग उडाला काय?

२

आता तो फोटो कसा झाला ते सांगायला हवं, नाहीतर अण्णांचं दचकणं कुणाला कळायचं नाही.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की फोटोवाल्याकडे धाव घेतात. गेलेल्याचा एकट्याचा फोटो पुष्कळदा नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, दहा जणांच्या घोळक्यातला. मग त्यातून तेवढंच माणूस काढायचं, बाकीचे वगळायचे, कारण हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस चालत नाही. आणि सगळं तेराव्याच्या आत. गोखले नाक्याजवळ दादूशेटचा स्टुडिओ होता, तिथे चौऱ्याहत्तर साली लवू हे काम करायचा. वय चोवीस, आणि कात्री अशी सराईत की केसांच्या कडेकडेने फिरली तरी एक बट तुटायची नाही. कापलेलं माणूस करड्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं, मागे ब्रशने पडदा रंगवायचा, खांद्यावर कुणाचा हात राहिला असेल तर त्यावर बाही चढवायची, आणि त्याचा परत फोटो काढून मोठा करायचा. नियम एकच. मूळ फोटो कापायचा नाही. आधी त्याची कॉपी काढायची आणि कात्री लावायची ती कॉपीला.

हेडाबाय आली त्या आठवड्यात कॉपीचा कागद संपलेला होता, मुंबईचं पार्सल आलं नव्हतं, आणि लवूच्या हातात तीन घरची तेरावी होती. बाईंनी पाकिटातून तळहाताएवढा फोटो काढला. खुर्चीत एक बाई आणि भोवती पाच माणसं. "ही माझी आई," बाई म्हणाल्या. "हिचा चेहरा मोठा करून द्या. रोज दिसायला हवा."

लवूने मान हलवली. आईचा एकटीचा. रोजचंच काम. बाई गेल्यावर त्याने मूळ फोटोलाच कात्री लावली आणि भोवतीचे पाचही जण एकेक करून कडेकडेने कापून काढले. कापलेलं कुणी परत मागत नसे, उरलेले जिवंतच असायचे, त्यांचे दुसरे फोटो निघायचे. पाच जणांची कातरणं त्याने नेहमीच्या टोपलीत टाकली, आणि टोपली मागच्या अंगणात दादूशेटच्या आंघोळीच्या बंबात रिकामी झाली.

आठ दिवसांनी बाई आल्या. मोठा फोटो पाहून त्यांचे डोळे भरले. "छान. फार छान. आणि बाकीचे?"

"बाकीचे?"

"माझे वडील, आजी, दोघे भाऊ, छोटी बहीण. शेवटच्या पत्रातून आलेला फोटो तो. यांतलं कुणी राहिलं नाही. दुसरा फोटो जगात नाही."

मागे अंगणात बंबाचा धूर चालू होता. 'जाळले' हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना. "आहेत, बाय," तो म्हणाला. "दुकानातच असतील कुठेतरी. शोधून ठेवतो."

खोटं एकदा बोललं ते बोललं. दर महिन्याला बाजार करून परतताना बाई स्टुडिओच्या पायरीशी यायच्या. "मिळाले?" "शोधतोय, बाय." असं पंचवीस वर्षं चाललं. बाईंचे केस पांढरे झाले, लवूचा अण्णा झाला, आणि एका महिन्यात बाई आल्याच नाहीत. त्या गेल्याचं कळलं तेव्हा अण्णांना आधी काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. त्याची लाज त्यांना पुढे जन्मभर पुरली. ट्रस्टने फोटो पुसायला कुणी जाणकार आहे का विचारलं, तेव्हा ते न बोलवता गेले ते काही समाजसेवा म्हणून नव्हे.

३

पुढच्या गुरुवारी अण्णा तरीही गेले. दुसऱ्या खोलीत शिरले आणि का कोण जाणे, मान वर झाली. समोरचा फलक ब्लाउ कुटुंबाचा होता. बेचाळीस साली व्हिएन्नाहून सगळ्यांना आगगाडीत घालून पूर्वेकडे नेलं. कुणी परतलं नाही. कबरी नाहीत. शेजारच्या फलकावर छावण्यांत प्रेतांचं काय करत ते लिहिलं होतं. साध्या मराठीत, चार ओळींत, शाळेतल्या पोरांना कळेल असं. भट्ट्या.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळी तशाच होत्या. त्यांना दादूशेटच्या बंबाचं लहानसं झाकण आठवलं, आणि आत वाकडे होत जाणारे कागद. आपण काही वाईट हेतूने केलं नव्हतं, असं ते मनात दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही.

चौथ्या खोलीत गेले. खांद्यावर आता चार बोटं होती. नीट, कापलेल्या नखांची बोटं, बाहीच्या चुण्यांवर जराशी दाबून ठेवलेली. आणि मागचा पडदा. तो अण्णांच्या हातचा पडदा होता, सात घड्यांचा, दादूशेटचा ठरलेला नमुना. सात घड्या सरळ खाली यायच्या. आता डावीकडच्या दोन घड्या मधेच फुगल्या होत्या, पडद्यामागे कुणी खांदा टेकून उभं असावं तशा.

मग तो आवाज आला. आवाज म्हणजे काय, काहीच नव्हतं ते. कुणीतरी घसा खाकरला. जमिनीवर बुटाची टाच सरकली. लहान पोराचं काहीतरी पुटपुटणं आणि त्यावर मोठ्या माणसाचं दबकं "श्श". अण्णा हा आवाज हजारदा ऐकलेला माणूस. फोटोला उभं राहताना माणसं असाच आवाज करतात. सरकतात, कपडे नीट करतात, पोरांना दटावतात, आणि मग सगळे मिळून श्वास धरतात. खोलीत आता तेच झालं. सगळं एकदम गप्प. कुणीतरी अण्णांसाठी थांबलं होतं.

रस्त्यावरून रिक्षा गेली. अण्णा घामाने भिजून दारात उभे होते. फडकं आतच पडलं होतं, ते आणायला काही ते परत गेले नाहीत.

४

"तोंड कशाला पांढरं पडलाय वो?" फरीदाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"फरीदाबाय, आत चल जरा. त्या फोटोत बोटं दिसतात का बघ."

ती गेली, कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि बाहेर आली. "बोटां? ती तर हायत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी बाईंकडे आली तेव्हापासून बघतेय. मला वाटायचं, बाईंच्या बापाचा हात असंल."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. मग आपणच झाकायला विसरलो होतो का? पन्नास वर्षांपूर्वीचं काम, आठवण दगा देते. असेल. होऊ शकतं. पण चुण्या काढल्याचं आठवत होतं, ब्रश किती नंबरचा होता तेही आठवत होतं. आणि तीन वर्षं दर गुरुवारी पुसला तो फोटो आंधळ्यानं पुसला होता काय?

"तुमी बाईंचा आवाज कधी ऐकलात नाय ना?" फरीदा म्हणाली. "लोक बटण दाबून ऐकतात. तुमी आपले फडकं घेऊन पळता." आणि त्यांनी नको म्हणायच्या आत तिने तिसऱ्या खोलीतलं बटण दाबलं.

बाईंचा आवाज. म्हातारपणचा, दमलेला, तेच जपून उच्चारलेलं मराठी. "फोटोत सहा जण होते. आई माझ्याजवळ आहे. बाकीचे फोटोवाल्याच्या दुकानात आहेत. तिथला तो तरुण फार प्रामाणिक आहे. मी दर महिन्याला विचारते, तो सांगतो, शोधतोय. इतकी वर्षं कोण कुणाची माणसं शोधतं? माझ्या देशात कुणी शोधली नाहीत. या गावात शोधणारा एक तरी आहे."

अण्णा खालीच बसले, भिंतीला टेकून, पोरासारखे.

"अण्णा?"

"तो मीच," अण्णा म्हणाले. "आणि मी काही शोधत नव्हतो. पहिल्याच दिवशी जाळले मी ते. बंबात."

५

फरीदा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पंचवीस वर्षां तुमी तिला झुलवत ठेवलात?"

"हो."

"मरायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, फरीदा, दादूशेटच्या दुकानात जाऊन ये, आज मिळाले असतील. मी गेली नाय. म्हटलं, तापात बरळते. ती माणसं तिला मरताना दाखवायची राहिली माझ्यामुळे, असं घेऊन बसलेय मी इतकी वर्षां. रात्री रात्री रडलेय. आणि तिकडे दाखवायला काही नव्हतंच!"

"तू मला शिव्या घाल."

"शिव्या घालून ती येतील काय?" ती उठली, खिडकी लावली, परत उघडली. मग एकदम वळली. "तुमी बघितलेले ना ते?"

"काय?"

"चेहरे वो! फोटो तुमच्या हातात होता. बाय गेली. ज्यांनी त्यांना बघितलं ते सगळे गेले. दुनियेत आता तुमीच एक राहिलात त्यांना बघितलेले. तुमी कागदावर माणसं काढता. मग काढा की! येत्या गुरुवारी पेन्सिली घेऊन या. आणि नाय आलात तर ट्रस्टच्या लोकांना मीच सगळं सांगेन."

धमकी द्यायची काही गरज नव्हती. अण्णांना पन्नास वर्षांत पहिल्यांदा वाटलं की यातून काहीतरी करता येण्यासारखं आहे. घरी गेल्यावर त्यांनी ट्रंकेतून जुन्या पेन्सिली काढल्या, टोकं केली. सूनबाई म्हणाली, "बाबा, आज जेवताना हसलात." आठवडाभर त्यांनी मुद्दाम काही काढून पाहिलं नाही. वाटलं, तिथे, त्या आईसमोर बसलं की आपोआप येईल.

६

गुरुवारी दुपारी त्यांनी चौथ्या खोलीत खाटेसमोर पाट मांडला आणि कागद पसरला. फरीदा दाराशी बसली. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या आवारात कुणी सुके मासे वाळत घातले होते त्याचा वास येत होता. भिंतीकडे अण्णांनी आधी पाहिलं नाही.

पेन्सिल टेकवली आणि हात जो सुटला तो थांबेना. बापाचा उजवा कान, कोटाच्या खांद्याची शिवण. आजीच्या डोक्यावरच्या रुमालाची कड, त्यातून सुटलेली एक बट. थोरल्याची टोकदार कॉलर. धाकट्याच्या डोक्यावर उभा राहिलेला केसांचा झुपका. छोटीच्या रिबिनीची गाठ, आणि गाठीतून निघालेलं एक टोक. पन्नास वर्षं झाली तरी एक रेघ चुकली नाही. कात्री जिथून जिथून गेली होती तिथून तिथून पेन्सिल गेली.

"या अल्ला," फरीदा वाकून बघत हळूच म्हणाली. "अशी होती ती? रिबिन बगा कशी बांधलेय. आता डोळे काढा, अण्णा. नाक, तोंड काढा."

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली.

अण्णांनी डोळे मिटले. बापाचा कान आला. कानापासून हनुवटीपर्यंत उतरणारी कड आली. कडेच्या आत काही आलं नाही. त्यांनी आजी आणून पाहिली. रुमाल आला, बट आली. छोटीची रिबिन आली, गाठ आली, आणि गाठीखाली पांढरं. पुन्हा पुन्हा तेच. आणि मग त्यांना कळलं की हे विसरणं नव्हतंच. माणूस कापणारा माणूस कड बघतो. कात्री चुकू नये म्हणून तो जीव ओतून कड बघतो. त्या दिवशी फोटो तासभर डोळ्यांजवळ होता, आणि त्या तासात त्यांनी त्या पाच जणांच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. टाकून द्यायचं होतं, कशाला बघतील?

"अण्णा, काढा की."

"फरीदाबाय," ते म्हणाले, "माझ्याकडे नाहीत गं ते."

घसा खाकरला. तो फरीदाचा नव्हता. टाच सरकली, पोराला कुणी दटावलं, कापडाची सळसळ झाली आणि थांबली. मग सगळ्यांनी श्वास धरला. या वेळी फरीदानेही मान वर केली. तिचा हात नकळत दाराच्या चौकटीवर गेला.

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. आई आता समोर बघत नव्हती. मान तीच होती, ओठ तेच होते, पण डोळे वळले होते, खांद्यावरच्या हाताकडे, त्या हातावरून वर, पडद्यातून पुढे आलेल्या कुणाकडे तरी. आणि त्या डोळ्यांत असं काही होतं की तिथे चेहरा आहे याबद्दल शंकाच उरली नाही. ती त्या चेहऱ्याला ओळखत होती. तिचा ऊर भरून आला होता. तिच्या नजरेच्या मागोमाग अण्णांनी आपली नजर नेली. कान दिसला. केसांची कड दिसली. कॉलर दिसली, अगदी नीट कापलेली. मध्ये कोरा कागद होता. त्याच्यामागे आणखी एक कड, आणि त्याच्याखाली रिबिन, आणि रिबिनीखाली कोरा कागद, आणि ते कोरे कागद अण्णांकडे तोंड करून स्तब्ध उभे होते.

"अण्णा, चला इथून," फरीदा पुटपुटली. "चला वो."

अण्णा उठले नाहीत. त्यांनी पेन्सिल पाटावर ठेवली, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि ज्या जागेकडे बघायला तेव्हा तासभर मिळाला होता त्या जागेकडे ते टक लावून बघत राहिले. तिथे काही उमटलं नाही. बंद करायची वेळ झाली, फरीदाने दोनदा हाक मारली, तरी ते बघतच होते.